‘ये’ संपेपर्यंत

सातवी आरती संपत आली होती. निरांजनातलं तूप तळाला गेलं होतं, तबक धरलेल्या पुतण्याचा हात कापायला लागला होता आणि स्वयंपाकघरातून उकडीच्या मोदकांची वाफ थेट मखरापर्यंत येत होती. आता ‘घालीन लोटांगण’ घेऊन मोकळं व्हावं, असं खोलीतल्या निदान अकरा जणांना वाटत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून आतेचा आवाज आला, ‘‘विठ्ठलाची राहिली की रे!’’

विठ्ठलाच्या दोन. ‘युगे अठ्ठावीस’ झाली आणि मग ती दुसरी, ‘येई हो विठ्ठले’. खोलीत एकदम जीव आला. भिंतीला टेकलेले भाऊजी सरळ झाले. सोफ्याच्या हातावर बसलेली पोरं उठली. कुणीतरी खाकरलं. इतका वेळ नुसते ओठ हलवणाऱ्यांनीसुद्धा छाती भरून श्वास घेतला. या आरतीच्या ध्रुपदात एक ‘ये’ येतो, आणि तो कधी सोडायचा हे कुठल्याही आरतीसंग्रहात छापलेलं नसतं.

मराठी घरात वाढलेल्याला पुढचं सांगायला नको. ‘ये’ सुरू होतो तेव्हा पंधरा गळे असतात. पाच-सहा सेकंदांत वडीलधारी गळतात, दहाव्याला विड्या-सिगारेटवाले. मग उरतात दोन-तीन हट्टी. चेहरे लाल, मानेच्या शिरा ताठ, डोळे तिरके एकमेकांवर. शेवटी एकाचा आवाज उसवतो, खोलीत हशा पिकतो आणि जिंकणारा उरल्यासुरल्या दमावर पुढचा शब्द कसाबसा उचलतो. आमच्याकडे काही वर्षांपासून हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजतात. गेल्या वर्षीच्या त्या संध्याकाळचा आकडा होता १९. भाऊजी जिंकले. आतेनं लगेच हरकत घेतली, ‘‘मधे चोरून श्वास घेतलात तुम्ही. मी बघितलं.’’

त्या रात्री मोदक खाताना मला पहिल्यांदा वाटलं की हे लिहून ठेवायला हवं. तेव्हापासून भाद्रपदात जिथे जाईन तिथे आरतीला उभी राहते आणि वही पर्समध्ये ठेवते. डोंबिवलीतलं आमचं घर, गिरगावातली एक चाळ, कणकवली तालुक्यातली माहेरची वाडी, गोव्यात फोंड्याजवळचं एक घर. भक्तीचं मोजमाप करणं हा माझा प्रांत नाही. मला उत्सुकता होती ती या गाण्याची, आणि त्याच्या आजूबाजूला चालणाऱ्या गमतीजमतींची.

एरवी मराठी माणूस चारचौघांत गात नाही. ‘एक गाणं होऊन जाऊ दे’ म्हटलं की तो घसा बसल्याचं सांगतो. भाद्रपदात मात्र तोच माणूस तुमच्या कानाजवळ उभा राहून, पट्टी-बिट्टी न बघता, अर्धा तास मोकळ्या गळ्यानं गातो. ते जमतं याला कारण आरतीची बांधणी. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’, ‘लवथवती विक्राळा’, ‘दुर्गे दुर्घट भारी’ या तिन्हींना एकच चाल पुरते. चाल मोजक्या सुरांतली, ठेका आठ मात्रांचा, हातातली झांज चुकली तरी टाळी सांभाळून घेते. एक आरती आली की डझनभर येतात. नवीन फक्त शब्द. आणि शब्द आले नाहीत तरी कडव्याच्या शेवटी ‘जय देव’ येतंच. तिथे सगळे एकत्र भेटतात, परीक्षेतल्या पाठ असलेल्या प्रश्नावर भेटावेत तसे.

या अर्ध्या तासात आपण केवढा प्रवास करतो, हे गाताना लक्षात येत नाही. ‘सुखकर्ता’ समर्थ रामदासांची. मोरगावच्या मयूरेश्वरापुढे सुचली असं सांगतात, आणि शेवटच्या कडव्यात त्यांची मुद्रा आहे. शंकराची आरतीही त्यांचीच. देवीच्या आरतीत नरहरीची मुद्रा, दत्ताच्या आरतीत ‘एका जनार्दनी’, विठ्ठलाच्या आरत्यांत नामा. तुकारामांची आरती रामेश्वरभटांची. ज्या रामेश्वरभटांनी तुकोबांना आधी विरोध केला आणि मग त्यांचं शिष्यत्व पत्करलं, तेच हे. एवढं मोठं मनपरिवर्तन आपण पोटात भूक घेऊन, डोळा मोदकांच्या परातीवर ठेवून, दोन मिनिटांत उरकतो.

आता शब्दांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. आरती आपण वाचून शिकलो नाही, मोठ्यांच्या कमरेएवढ्या उंचीवरून ऐकत शिकलो. त्यामुळे प्रत्येकाच्या पोटात एक खासगी आरती असते. ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ करणारी मुलं मी चारही ठिकाणी ऐकली. गिरगावात एक साठीचे गृहस्थही तेच म्हणत होते, आणि खणखणीत. खरा अर्थ, नागाचा कमरपट्टा बांधलेला. पण मुलाच्या बाजूनं विचार करा. ज्या घरात गणपती टेबल-फळीवरच बसतो, तिथे वंदन आणखी कुठे करायचं? ‘संकटी’चं ‘संकष्टी’ होतं, तेही तर्काला धरूनच, चतुर्थी त्याचीच. ‘उटी’ची ‘ओटी’ होते, कारण घरात ओटी भरताना दिसते, उटी लावताना कुणी दिसत नाही. ‘घागरिया’ म्हणजे पायातले घुंगरू, हे मला स्वतःला पस्तिशीत कळलं. तोवर माझ्या गणपतीच्या पायाशी पाण्याची घागर होती. देवीच्या आरतीत पुन्हापुन्हा येणारी ‘वारी’ ही पंढरपूरची नसून ‘निवारण कर’ अशी विनवणी आहे, हे वाडीत एका चुलतभावाला सांगितलं तर तो रागावला. ‘‘इतकी वर्षां मी देवीक पंढरपुराक धाडतंय,’’ म्हणाला, ‘‘आता बदलूचंय नाय.’’

आणि ‘निढळ’. विठ्ठलाच्या ज्या आरतीत तो स्पर्धेचा ‘ये’ आहे, तिच्यातच हा शब्द आहे. निढळ म्हणजे कपाळ. उन्हात दूरचं बघताना आपण कपाळावर आडवा हात धरतो ना, तसा हात धरून भक्त वाट बघतोय, असं ते चित्र. मी आमच्या घरी विचारलं तर बारा जणांतल्या एकीला ठाऊक होतं, तीही आते. बाकीच्यांनी ‘निढळ’ म्हणजे देवाचं एखादं दागिन्यासारखं काही असावं, असं धरून चालवलं होतं.

चुका दुरुस्त कराव्यात का? दरवर्षी चतुर्थीच्या आसपास मोबाइलवर शुद्ध आरतीचे संदेश फिरतात, त्यातल्या काहींतही चुका असतात तो भाग वेगळा. माझं मत विचाराल तर मुलांना अर्थ जरूर सांगावा, पण आरती झाल्यावर, प्रसाद हातात पडल्यावर. मधे थांबवून सांगणारे काका ज्या घरात असतात, त्या घरातली मुलं पुढच्या वर्षी नुसत्या टाळ्या वाजवतात. हे मी पाहिलं आहे.

लोकांनी आरतीत भरही घातली आहे. ‘जय देव’ नंतर ओळ संपताना येणारा तो ठसक्यातला ‘हो’ मूळ शब्दांत नाही. तो गर्दीचा आहे. मंडळांत तो इतका जोरात येतो की एखाद्या घरात आलाच नाही तर जिना उतरताना एक पायरी कमी असल्यासारखं होतं. तसंच आरती संपल्यावर मोरयाच्या गजरापाठोपाठ येणारा उंदीरमामाचा जयजयकार. ‘मोरया’ची नाळ चिंचवडच्या मोरया गोसावींशी जोडतात. उंदीरमामाला मात्र कुणी संत मिळाला नाही. त्याचं सगळं पोरांच्या जिवावर चाललंय.

गणेशोत्सवातली आरती खऱ्या अर्थानं पाहायची तर तळकोकणात पाहावी. आमच्या वाडीत चौदा घरं. गौरीच्या आदल्या रात्री साताला पहिल्या घरात आरती उभी राहते आणि सगळी वाडी घर घर करत वर सरकते. प्रत्येक घरात माटवीखाली तोच गणपती, त्याच आरत्या, तीच माणसं. तरी प्रत्येक घरची आरती वेगळी होते, आणि त्याचं गुपित मला एका सहावीतल्या मुलानं सांगितलं. त्याच्याकडे प्रसादाची यादी तोंडपाठ होती. वरच्या घरात पंचखाद्य, म्हणजे खोबरं, खारीक, खसखस असे ‘ख’चे पाच जिन्नस. त्याच्या खालच्या घरात नुसती साखर आणि काकडी. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या घरात पेढे. ‘‘साखरेच्या घरात आम्ही बेगीन म्हणतों,’’ तो म्हणाला. मी घड्याळ लावून बघितलं. साखरेच्या घरातली आरती नऊ मिनिटांत उरकली, पेढ्यांच्या घरात एकवीस मिनिटं चालली. त्या घरी दशावताराचीही कुणीतरी काढली. ती या पोरांना एरवी आठवत नाही.

‘ये’ची शर्यत तिथेही असते, फक्त तिथले गळे वेगळे. दिवसभर शेतात हाळ्या घालणारी आणि भजनात बसणारी माणसं ती. पखवाजवाला हात वर धरून थांबलेला असतो, ‘ये’ तुटला की थाप पडते. मुंबईच्या एका पाहुण्याचा दम सातव्या सेकंदाला गेला तेव्हा मागून आवाज आला, ‘‘काय रे मेल्या, गळो बसलो की दम संपलो?’’ पाहुणा हसला, पण पुढच्या घरात तो मागच्या रांगेत उभा होता.

आरत्या आटपल्या की भजन. पेटी, पखवाज, झांजा, मधे बुवा आणि भोवती कोरस. मध्यरात्रीनंतर काळ्या वाटाण्याची उसळ नि चहा आला नाही तर बुवा अभंगातूनच घरधन्याला टोमणा मारतो. याचीच मोठी बहीण म्हणजे डबलबारी. समोरासमोर दोन बुवा, एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचं आणि सोडवता सोडवता पहिल्याची टोपी उडवायची. इकडे रत्नागिरीकडे जाखडी रंगते, तिला बाल्या नाच असंही म्हणतात. शक्तिवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल करतात आणि घुंगरं बांधलेली पोरं गोल धरून नाचतात. आरतीत जे ‘ये’च्या दमावर चालतं, तेच इथे शब्दांच्या धारेवर चालतं: देवापुढे उभं राहून शेजाऱ्याला हरवायचं.

गोव्यात हीच आरती वेगळ्या अंगानं भेटते. तिथे चवथीला माटोळी बांधतात. मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट आणि तिला रानातली फळं, कंद, पानं, सुपारीचे घड टांगलेले. त्याखाली आरतीला झांज-टाळ्यांच्या जोडीला घुमट येतो. घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचा घडा, दोन्ही तोंडं उघडी. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, धाकटं तोंड मोकळं. वादक तो काखेत, नाहीतर मांडीवर घेतो. एका हातानं कातड्यावर बोल काढतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा धाकट्या तोंडावर उघड-मीट करत राहतो. तळवा मिटला की आवाज आत कोंडतो, उघडला की हुंकारासारखा बाहेर पडतो. साथीला दोन काठ्यांनी वाजणारं शमेळ आणि कांसाळं. आरती संथ सुरू होते, ठेका चढत जातो आणि शेवटी शब्द ऐकू येईनासे होतात, फक्त माती घुमत राहते.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित झाली, आता बकऱ्याचं लावतात. फोंड्याजवळच्या त्या घरातले आजोबा म्हणाले की आवाजात फरक पडला. त्यांच्या नातवाला तो फरक ऐकू येत नाही. त्यानं जुना आवाज ऐकलेलाच नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आता गावोगावच्या घुमट आरतीच्या पथकांत मुलीही वाजवताना दिसतात. हेच वाद्य ख्रिश्चन घरांतल्या मांडो-दुलपदांनाही साथ करतं. चवथीला इथे, लग्नात तिथे. घुमटाला दोन्ही घरचं आमंत्रण असतं.

परत मुंबईत येऊ. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. त्याच भागातल्या दुसऱ्या एका चाळीत मी आरतीला गेले होते. तिथे ताटाचा मान खोल्यांच्या क्रमानं फिरतो. आज खोली नंबर चार, उद्या पाच. निम्म्या खोल्यांना आता कुलपं आहेत, पण पाळी चुकत नाही. खोली नंबर अकराचं कुटुंब त्या संध्याकाळी विरारहून आलं होतं, लोकलच्या गर्दीतून, हातात लाडूंचा डबा धरून. आरतीच्या आधी मंडपातल्या स्पीकरवर प्रल्हाद शिंदे लागले होते, ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’. त्या गाण्याशिवाय मुंबईचा मंडप पुरा होत नाही. भीमगीतं गाजवणाऱ्या, कव्वालीचे मुकाबले रंगवणाऱ्या या आंबेडकरी गायकाचा आवाज २००४ मध्ये गेला, आणि तरी दर भाद्रपदात गल्लीगल्लीत पहिला पोचतो तो तोच. गणपतीच्या संगीतावर कुणाचा हक्क, असा वाद घालणाऱ्यांनी दहा मिनिटं त्या स्पीकरखाली उभं राहावं.

स्पीकरनं एक घोटाळाही केला. लता आणि उषा मंगेशकरांनी हृदयनाथांच्या संगीतात गायलेल्या आरत्या घरोघरी पोचल्या. पाठोपाठ कॅसेटी आल्या, आता मोबाइल. ते गाणं सुंदर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण चालीतले घरोघरचे फरक त्यानं पुसत आणले, असं मला वाटतं. आमच्या आजीच्या ‘दुर्गे’ला शेवटी एक हेलकावा होता, तो माझ्या बहिणीच्या घरात नाही, कारण ती आरती फोनवरून शिकली.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याकडच्या एका मोठ्या सोसायटीत गेले होते. आरती ब्लूटूथ स्पीकरवर. शंभरेक माणसं, सगळी छान नटलेली, हात जोडून किंवा टाळ्या वाजवत उभी. ओठ कुणाचेच हलत नव्हते. विठ्ठलाची आरती लागली आणि ‘ये’ आला तेव्हा मात्र मागच्या रांगेतल्या तीन-चार जणांना राहवलं नाही. त्यांनी सूर धरला. स्पीकरमधल्या गायकानं ‘ये’ चार सेकंदांत संपवला आणि तो पुढच्या शब्दाला लागला. मागची मंडळी अजून ‘ये’वरच. क्षणभर दोन आरत्या चालू होत्या. मग पहिल्या रांगेतल्या एका आजींनी वळून त्यांच्याकडे बघितलं, स्पीकरजवळच्या मुलाला हातानं खूण केली आणि त्यानं फोन थांबवला. उरलेल्या आरत्या तोंडानं झाल्या. बेसूर झाल्या, दत्ताची मधेच अडली, एका कडव्यात दोन गट दोन वेगळ्या ओळींवर गेले. पण ‘घालीन लोटांगण’ला सगळे स्वतःभोवती फिरले आणि निदान तीन मुलं एकमेकांवर आदळली.

‘घालीन लोटांगण’विषयी एक सांगायचं राहिलं. त्याची पाच कडवी म्हणजे पाच ठिकाणचे तुकडे आहेत. पहिलं मराठीतलं, नाम्याच्या मुद्रेचं. पुढची संस्कृत, त्यातलं एक भागवतातलं, एक शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातलं, शेवटचं कलिसंतरण उपनिषदातलं. ती कुणी, कधी एकत्र शिवली कोण जाणे, पण टाके इतके बेमालूम आहेत की आपण ती एका दमात म्हणतो. आणि गंमत म्हणजे पाचही कडव्यांत गणपतीचं नाव कुठेच नाही. पाठोपाठ येणारी मंत्रपुष्पांजली तर ऋग्वेदातून निघते आणि ऐतरेय ब्राह्मणातल्या मरुत्त राजापाशी थांबते. त्याच्या घरी मरुत् वाढपी होते आणि देव सभासद. सगळ्यांना येते ती पहिली ओळ आणि शेवटचा लांबवलेला शब्द. मधली वाट घरातला एखादाच चालतो आणि बाकीचे त्याच्या मागून गुणगुणत जातात. आमच्याकडचा तो एक, म्हणजे थोरले काका, २०२१ मध्ये गेले. त्या वर्षी मंत्रपुष्पांजली मधेच थांबली. कुणी काही बोललं नाही. आतेनं हातातली फुलं वाहिली आणि आम्ही सगळ्यांनी वाहिली.

आजीची आरत्यांची वही आता माझ्याकडे आहे. शाळेची, चौकटींची, तेलकट डागांची. तिच्यात देवीची एक आरती आहे, छापील संग्रहांत मला कुठे न सापडलेली. वर आजीच्या अक्षरात लिहिलंय, ‘चाल – मेळ्यातली’. आजीचं बालपण पुण्यात गेलं. टिळकांच्या काळापासून तिथे गणपतीत मेळे निघत. एकसारखे पोशाख केलेली मुलं वस्तीवस्तीत जाऊन पदं म्हणत, त्यात देव असे, राजकारण असे आणि चिमटेही असत. त्यातली कुठलीशी चाल आजीच्या कानात बसली, तिनं ती आरतीला लावली आणि ‘मेळ्यातली’ एवढं लिहिलं की पुरे, असं तिला वाटलं. आरती पूर्ण आहे, पाच कडव्यांची. गाता येणारं कुणी नाही. तुमच्या घरात एखादी आजी, आते, मामी अशी एखादी वेगळी चाल म्हणत असेल तर या वर्षी फोनवर आरती लावण्याऐवजी फोन तिच्यापुढे धरा.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही ‘ये’चे आकडे लिहितो. २०१९, आते, १८. २०२० ला नाव नाही. त्या वर्षी आरती व्हिडिओ कॉलवर होती. प्रत्येकाचा ‘ये’ वेगवेगळ्या वेळी पोचत होता आणि कुणाचा कधी संपला ते शेवटपर्यंत कळलं नाही. गेल्या वर्षी भाऊजी, १९, पुढे कंसात आतेच्या अक्षरात ‘वादग्रस्त’. यंदा २२. आतेची नात, इयत्ता पाचवी. ती पोहायला जाते.